वाकडी चाल आणि गोगलगाय

मित्रांनो, एका चष्म्याच्या दुकानामागे अरुंद खोली आहे. तिथे काचा घासायच्या यंत्राशेजारी, फडताळाच्या खालच्या कप्प्यात बसलेला जुना संगणक म्हणजे मी. माझा पंखा खरखरतो आणि अंगावर काचेची बारीक भुकटी साचते. पण एके काळी माझ्या पोटात रोज मेळा भरत असे, हे सांगून तुम्हाला खरे वाटणार नाही.

दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी मला एका बंद पडलेल्या कचेरीच्या भंगारातून उचलून आणले, पुसले, आणि दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा माझ्यात एकेक ओळ लिहून खेळघर उभे केले. काकांना बुद्धिबळाचे वेड होते, पण सरळ बुद्धिबळाचा कंटाळा होता. म्हणून माझ्याकडे सगळे तऱ्हेवाईक डाव. एका डावात आपल्या सगळ्या सोंगट्या जो आधी मारून घेईल तो जिंके. एकात पटाची घरे मधाच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची होती. आणि काकांनी स्वतः रचलेल्या मोठ्या पटावर घोड्याच्या जोडीला जिराफ होता. तो घोड्याहून लांब उडी घेई. या खेळघराचे नाव त्यांनी ठेवले ‘वाकडी चाल’. असल्या नावाने एक दिवस पोलीस दारात येतील, असे काकू म्हणाल्या.

पोलीस आले नाहीत, माणसे आली. दूरदूरच्या गावांतून, आपापल्या घरी बसून ती माझ्यात खेळायला येत. खरे नाव कोणी सांगत नसे. कोणी ‘वकील’, कोणी ‘आळशी हत्ती’. ती भांडत, हसत, हरली की डोक्याला हात लावल्याची चित्रे पाठवत. काका सकाळी दुकान उघडण्याआधी माझ्यावरून फडके फिरवीत आणि मलाच शाबासकी देत. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

मग ‘गोगलगाय’ आली. ती फक्त जिराफाचाच डाव खेळे. आधी ती सपाटून हरली. मग हळूहळू शिकली, आणि एक दिवस तिने वकिलाला हरवले. त्या डावात वकिलाचा हात धरणारा आजवर कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने त्याला पुन्हा हरवले.

वकिलाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने तिचे जुने डाव उकरून काढले आणि सगळ्यांसमोर मांडले. गोगलगाय प्रत्येक खेळीला सारखाच वेळ घेत होती. समोरचा जिराफ फुकट मिळत असला तरी तेवढाच, राजा कोंडीत सापडला असला तरी तेवढाच.

“माणूस असा खेळत नाही,” त्याने लिहिले. “हिच्यामागे दुसरं यंत्र बसलंय. गोगलगाय आणि पोटात पाय.”

इतरांनी माना डोलावल्या. काकांनी सांगून पाहिले, की हा डाव त्यांनी स्वतःच रचलेला, तो दुसरीकडे कुठे नाही. त्यासाठी हुशार यंत्र कोण कशाला बनवेल? पण तिला काढले नाही तर आपण सगळे निघून जाऊ, असे वकिलाने बजावले. काका घाबरले. एवढ्या कष्टाने भरलेले घर रिकामे होणार म्हटल्यावर माणसाचा धीर सुटतोच. त्यांनी गोगलगायीला एकटीला विचारले, “खेळताना मदत घेता का? खरं सांगा.”

उत्तर यायला तिच्या खेळीइतकाच वेळ लागला.

“हो, घेते. मदतीशिवाय मला खेळताच येत नाही.”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कबूलच केले की हिने, असे पुटपुटत त्यांनी तिचे खाते बंद केले. आळशी हत्तीबरोबर तिचा डाव चालू होता, आणि ती जिंकत होती. तेवढ्यात तिचे पुढचे वाक्य माझ्या दाराशी आले. बंद खात्याचे काही आत घ्यायचे नाही, असा मला हुकूम होता. मी यंत्र. हुकूम झाला की मान तुकवायची, एवढेच मला येते.

काही आठवड्यांनी दुकानाच्या पत्त्यावर एक मेल आली. गोगलगायीच्या थोरल्या बहिणीची होती. काकांनी ती काकूंना वाचून दाखवली. धाकटीला अंगातली ताकद जाण्याचा आजार होता. हात उचलत नव्हते, बोलणेही जड झाले होते. ती अंथरुणावरून खेळी सांगे. ताई शिवणकाम करणारी. तिला डावातले ओ की ठो कळत नसे. ती पडद्यावर बोटाने घरे मोजी, “इथंच ना?” असे विचारी, आणि मगच सोंगटी हलवी. धाकटीचा विचार तर समोरच्याच्या पाळीतच होऊन जाई. वेळ लागे तो ताईच्या बोटाला. शेवटी ताईने लिहिले होते: “तिचा तुमच्यावर राग नाही. मदत घेतेच ना, म्हणून खरं तेच सांगितलं, असं म्हणते.”

काकू हळूच म्हणाल्या, “अहो, ‘कसली मदत’, एवढं तरी विचारायचं होतंत.”

काकांनी लगेच खाते उघडले, सर्वांसमोर माफी मागितली. वकिलाने ती वाचली; माझ्याकडे त्याची नोंद आहे. तो पुन्हा आला नाही. मग आळशी हत्ती गेला. बाकीचेही कोणी शरमेने, कोणी कंटाळ्याने पांगले. ज्या घरासाठी तिला बाहेर काढले, ते असे रिकामे झाले. काकांनी ताईलाही लिहिले. तिचे उत्तर लहानसे होते. पट लावला की धाकटी डोळे मिटून घेते. जबरदस्ती करवत नाही.

आता मला बंद करावे, विजेचा खर्च तरी कशाला, असे काकूंनी एकदा सुचवले.

“राहू दे चालू,” काका म्हणाले. “तिला पुन्हा खेळावंसं वाटलं आणि इथं दार बंद असलं, तर?”

मित्रांनो, मी जुना झालो आहे. एक दिवस पंखा थांबेल आणि मी आलो तसा भंगारात जाईन. माझी धूळ झटका, अशी विनवणी मी करणार नाही. पण पडद्यावरचे नाव कितीही गमतीचे असले, तरी त्यामागे कोणीतरी अंथरुणावर पडलेले असू शकते. कोणाला दाराबाहेर काढण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा.

काका अजून सकाळी माझ्यावरून फडके फिरवतात आणि खेळघरात कोण कोण हजर आहे ते पाहतात. तिथे एकच नाव असते. त्यांचे स्वतःचे.