डॉक्टर हेरवाडकरांची नकलवही

"चाचा, पाणी नका लावू," मी म्हणेपर्यंत बादशहाचाचांनी ओला बोळा पानाच्या कोपऱ्याला टेकवला होता. जांभळी शाई पसरली आणि एक शब्द वाहून गेला. माझ्या आवाजाने मांडीवरची माझी लेक पिऊ दचकली. चाचांनी आपल्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं.

"गेलं की," एवढंच म्हणाले.

आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी डॉक्टर हेरवाडकरांच्या पत्रांची यादी करत होते. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात प्रॅक्टिस करणारे हे डॉक्टर मिरज, बेळगाव, पुण्याच्या डॉक्टरांना इंग्रजीतून पत्रं लिहायचे. पाठवण्याआधी पत्रावर ओलसर, सायीसारखा पातळ कागद दाबून त्याची नक्कल वहीत ठेवायचे. शाई त्या कागदावर उलटी उमटायची, पण कागद इतका झिरझिरीत, की दुसऱ्या बाजूने अक्षर सुलटं दिसायचं. अशा तीन वह्या. पहिली पार जीर्ण झालेली. तिचं एकेक पान जाड कागदावर डकवायचं काम चाचांचं. चाळीस वर्षं इथल्या पुस्तकांची बांधणी त्यांच्याच हातची.

चाचांना इंग्रजी येत नाही. ज्या बाजूची शाई गडद ती वर, असं धरून त्यांनी अडतीस पानं डकवली. खळ घट्ट, पाणी बेताचं, एकाही पानाला सुरकुती नाही. आणि सगळी पानं उलटी, अक्षरं आरशात दिसावीत तशी. पिऊला ताप होता म्हणून मी आठवडाभर आले नव्हते, नाहीतर पहिल्याच पानाला सांगितलं असतं. आज आल्या आल्या सांगितलं, तर ते पानं सोडवायलाच बसले.

चार वाजता वाचनालयाचे चिटणीस अमरसिंह येणार होते. उरलेल्या दोन वह्या चाचांकडे द्यायच्या की पुण्याला पाठवायच्या, हे ही वही बघून ठरणार होतं.

मी मोबाईलवर एका पानाचा फोटो काढला, उलटा करून त्यांना दाखवला. "हे बघा, सुलटं वाचता येतं. मी यादी अशीच करते. कुणाला कळणारही नाही, चाचा."

"वही हातात घेतल्याव?"

"आता कोण घेतंय हातात?"

"मग मी बांधतोय कशाला?"

मी मोबाईल खाली ठेवला. ते भिजलेल्या पानावर टिपकागद दाबत म्हणाले, "ह्याच्यात काय लिवलंय, ते तरी सांग."

त्या पानाचाही फोटो काढून मी उलटा केला. १९१३ सालचं पत्र, मिरजेच्या एका डॉक्टरला. मी डॉक्टरांच्याच शब्दांत, पण मराठीत सांगत गेले. चार वर्षांची मुलगी, घटसर्प. मूल गिळत नाही, असं आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी घसा न बघता तापाचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी बघितला, तेव्हा फार उशीर झाला होता. आपण ही केस डॉक्टरांच्या सभेत मांडाल, तेव्हा उशिराचा दोष आईवर ठेवू नये. माझं नाव घालावं.

वाचता वाचता मी पिऊच्या हनुवटीला बोट लावून तिचं तोंड उघडलं. तिला वाटलं, मी खेळतेय. ती हसली.

"पोरगी गेली?" चाचांनी विचारलं.

"गेली."

"आन पुसला त्यो शब्द कुठला?"

खोटं सांगावंसं वाटलं. पण ते माझ्याकडेच बघत होते. "तिचं नाव असावं."

चाचांनी टिपकागद उचलून खालचं पान पाहिलं. मग म्हणाले, "असल्या पत्राची बी नक्कल ठिवली त्यानं?"

"ठेवली."

अमरसिंह आले. त्यांनी खुर्ची ओढायच्या आतच चाचांनी वही पुढे सरकवली. "साहेब, अडतीस पानं उलटी लावल्यात. एक इस्कटलंय. माझ्या हातनं झालंय."

मी मध्येच म्हणाले, "मी असते तर..."

"तू न्हवतीस की. लेकराला ताप हुता," चाचांनी मला गप्प केलं.

अमरसिंहांनी चार पानं उलटली. "चाचा, तुमी म्हणून काय बोलत न्हाय. पर ऱ्हायलेल्या दोन पुण्याला पाठवाव्या लागतील. कमिटीला काय सांगू मी?"

"पाठवाच. पर पाणी लावू नका म्हणावं त्यास्नी. न्हायतर त्येबी माझ्यागत शाणं निघायचं."

अमरसिंह हसले, पण चटकन खाली बघायला लागले. फोन आला म्हणून बाहेर गेले.

चाचांनी माझ्यापुढे पांढऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवला. "लिव. ह्या वहीतली अडतीस पानं उलटी चिकटवल्यात. एका पत्रातलं मुलीचं नाव पाण्यानं गेलं. चूक बांधणाऱ्याची."

मी लिहिलं. "एवढंच?"

"नाव घाल की. बादशहा मुल्लाणी, बायंडर."

त्या खोलीतल्या कपाटांमधली निम्मी पुस्तकं त्यांनी बांधलेली. एकावरही हे नाव नव्हतं. मी सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं. त्यांनी कागद उजेडाला धरला, मला दिसलीही नसती अशी एक वाकडी कड पट्टी लावून कापली. मग चिठ्ठी पहिल्या कोऱ्या पानावर, बरोबर मधोमध डकवली आणि हाताने दाबून धरली.

खळ वाळल्यावर ते उरलेल्या दोन वह्यांकडे वळले. पुण्याला जायच्या म्हणून जुन्या धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळल्या, वर-खाली पुठ्ठे लावले. एका ओढीत सुटेल अशी दोऱ्याची गाठ मारली. ती सोडून पाहिली. पुन्हा मारली.