सहा तारा, दोन तारे

नाव हवाइयन गिटार असले, तरी मित्रांनो, हवाई बेटे मी कधी पाहिलेली नाहीत. माझा जन्म कोलकात्याच्या एका अरुंद गल्लीतला. एका म्हाताऱ्या कारागिराने लाकूड तासून मला आकार दिला, पॉलिशचे हात देऊन चमकवले आणि सहा तारा चढवल्या. मला छातीशी उभी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातातला स्टीलचा बार माझ्या तारांवरून घसरत जातो आणि एक सूर दुसऱ्या सुरात विरघळतो. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात. माझे सगळे बोलणे त्या मींडेतच आहे.

पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानातून सुलेखाने मला घरी आणले, तेव्हा ती कॉलेजात होती. ती एका ऑर्केस्ट्रात वाजवायची. गणेशोत्सवात निवेदक तिचे नाव पुकारत असे आणि टाळ्या मांडवाच्या पार टोकापर्यंत जात. मला वाटे, जग म्हणजे दिव्यांच्या माळा आणि त्यांच्याखाली डोळे मिटून बसलेली माणसे.

पुढे सुलेखा बँकेत लागली, तिचे लग्न झाले. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आले आणि मी माळ्यावर गेले. माळ्यावर काळ चालत नाही, मित्रांनो. तिथे उन्हाचा एक कवडसा असतो, तो येतो आणि जातो. मी त्याच्याकडे पाहत अर्धवट झोपेत असायचे. कधीतरी एखादी तार आपोआप सैल पडायची आणि मला वाटायचे, आपण काहीतरी बोललो.

सुलेखाचे यजमान गेले आणि त्यांचा मुलगा विक्रांत तिला सिंगापूरला, आपल्या पुंगोलच्या फ्लॅटवर घेऊन गेला. तिने सामानातल्या साड्या कमी केल्या आणि मला गोधडीत गुंडाळून घेतले. तिथे मी पलंगाखाली होते. एक दिवस नात मैत्रेयीने मला बाहेर ओढले.

"आजी, व्हॉट इज धिस? झोपलेली गिटार?"

सुलेखा हसली. तिने माझ्या तारा बदलल्या, मला मांडीवर घेतले आणि बार टेकवला. मग सूर घसरत निघाला, खिडकीबाहेर कालव्याच्या पाण्यावर गेला आणि उंच पुलावरून सरकणाऱ्या एलआरटीच्या छोट्या रेल्वेगाडीबरोबर वळून दिसेनासा झाला.

"नॉट बॅड, लाह," मैत्रेयी सिंगापुरी थाटात म्हणाली.

त्या दिवसापासून फ्लॅटचे दार उघडे ठेवून सुलेखा रोज संध्याकाळी वाजवू लागली. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर बाई राहत. त्यांचा मुलगा ग्लेन हा गायक होता, सिंगापुरात चांगला नावाजलेला. तो गायचा कंट्री संगीत. म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेली गाणी, घराची, लांबच्या रस्त्याची, सुटून गेलेल्या माणसांची. आईला भेटायला आलेला ग्लेन आमच्या दारात थबकला.

"आंटी, हे तर कंट्री आहे!"

"छे रे! हे आमच्याकडचं जुनं सिनेमाचं गाणं आहे."

"असेल. पण आमच्यातही गिटार अशीच हुंदका देते."

एका मोठ्या संगीत कंपनीसाठी तो नवा अल्बम करत होता, 'स्लो रोड टू द जेटी'. त्याने सुलेखाला स्टुडिओत नेले. कानांवर मोठे हेडफोन लावून, काचेपलीकडच्या ग्लेनकडे बघत ती वाजवत राहिली. इतक्या वर्षांनी माझा आवाज कुणीतरी जपून ठेवत होते.

अल्बम आला आणि त्यावर लोक लिहू लागले. जेवणाच्या टेबलावर विक्रांत फोनवर एकेक परीक्षण वाचून दाखवू लागला. इथल्या वर्तमानपत्राने पाचपैकी चार तारे दिले होते. ग्लेनच्या आवाजाची, गीतांची स्तुती होती. माझ्याबद्दल अक्षरही नव्हते. अमेरिकेतल्या एका वेबसाइटने तर कळसच केला. गिटारमध्ये कंट्रीच्या माहेरचा, टेनेसीच्या टेकड्यांचा अस्सल वारा आहे, असे त्यांनी लिहिले होते.

"बघ आई, केवढं कौतुक!" विक्रांत म्हणाला.

"हं," सुलेखा म्हणाली आणि भात कालवू लागली.

पुढचे परीक्षण विक्रांतने मनात वाचले आणि फोन उलटा ठेवला. मैत्रेयीने तो उचलला. देवन नावाच्या एका तरुण समीक्षकाने दोन तारे दिले होते. मैत्रेयी अडखळत मराठीत सांगू लागली, "तो म्हणतो, हा अल्बम मॉलमधल्या एसीसारखा आहे. सगळीकडे सारखाच गार. आणि गिटार... आजी, सॉरी हं... गिटार कंट्रीची नाहीच. ती जुन्या हिंदी सिनेमातून, कुठल्यातरी भारतीय ऑर्केस्ट्रातून उठून आली आहे. तिला दुसरंच कुणीतरी आठवतंय, आणि ग्लेनला ते माहीतच नाही."

विक्रांतने मैत्रेयीच्या हातून फोन काढून घेतला. आणि सुलेखा खळखळून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आई, अगं, त्याने नावं ठेवली आहेत!"

"ठेवू दे. इतक्या जणांनी ऐकलं रे, पण मी कुठून आले ते फक्त त्यालाच ऐकू आलं."

मित्रांनो, चार ताऱ्यांत मी नव्हते. दोन ताऱ्यांत होते. त्या सुखात मी कितीतरी वेळ नुसती तरंगत होते.

पण देवनचे लिखाण गाजू लागले आणि कंपनीला घाम फुटला. त्यांच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बैठक झाली. तिथून ग्लेन थेट आमच्याकडे आला. सोफ्यावर बसला, पाणी प्यायला आणि रिकामा पेला हातात फिरवत राहिला.

"बोल ना रे," सुलेखा म्हणाली.

"आंटी, पुढच्या आठवड्यात पहिला जाहीर कार्यक्रम आहे. कंपनी म्हणते, गिटार जरा सरळ वाजवा. सूर घसरवू नका. लोकांना अमेरिकेचा वारा हवा आहे."

सुलेखा माझ्या तारांवरून बोट फिरवत राहिली. "मींड काढली, तर माझ्याकडे उरेल काय? मग तू दुसरं कुणी बघ. मी रागावले नाही हं तुझ्यावर."

तो खाली मान घालून गेला. तिने मला पुसले, स्टुडिओसाठी आणलेल्या पेटीत ठेवले आणि झाकण लावले. अंधार झाला. माळ्यावरचा कवडसा आठवू लागला आणि मला भीती वाटली, की आता पुन्हा ती लांबलचक झोप येणार. बाहेरून मैत्रेयीचा आवाज येई, "आजी, व्हाय नॉट प्लेइंग?"

मग एका दुपारी ग्लेनचा फोन आला. सुलेखाने तो स्पीकरवर लावला. "आंटी, आम्ही कीबोर्डवर करून पाहिलं. सगळं सरळ आहे. मला गाताच येत नाही. कंपनीला मी सांगितलंय, आंटी नसतील तर मीही नाही. ते चिडलेत. पण तुम्ही या. तुम्हाला हवं तसंच वाजवा."

झाकण उघडले. एवढा उजेड मी कधी पाहिला नव्हता.

कार्यक्रम पाण्याकाठच्या मोकळ्या रंगमंचावर झाला. सुलेखाने मोरपंखी साडी नेसली होती. ग्लेनने तिचे नाव घेतले, पुण्याचेही घेतले. मग तिने सूर सोडला. तो लांब, खूप लांब गेला, जणू पाण्याखालून चालत गेला. काही लोक डोळे मिटून बसले. काही फोन बघत होते. कंपनीच्या एक बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि शेवटपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

माणसे पांगल्यावर एक सडपातळ तरुण रंगमंचाजवळ आला. "मी देवन. ते दोन तारे माझे."

"ये बाबा, बस," सुलेखाने हिंदीत म्हटले आणि खुर्ची पुढे सरकवली. "कुठलं गाणं सगळ्यात वाईट वाटलं?"

तो गोंधळला. "पाचवं."

तिने मला मांडीवर घेतले आणि पाचवे गाणे वाजवले, ना माइक, ना ग्लेनचा आवाज. देवन कोपर गुडघ्यावर टेकून ऐकत होता. सूर संपला, तरी तो हलला नाही.

"अल्बम मला अजूनही आवडत नाही," तो हळूच म्हणाला. "पण हे परत एकदा वाजवाल का?"

ती वाजवू लागली.

मित्रांनो, समुद्राजवळच्या हवेत माझ्या तारा लवकर गंजतात. सुलेखा रोज कोरड्या फडक्याने त्या पुसते, आता मैत्रेयीही पुसायला शिकली आहे. तुमच्याही घरात माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखे कुणी पडलेले असेल. त्याला खाली काढा. त्याची धूळ झटका. वाजवता येत नसेल, तर शेजारी बसून नीट ऐका. आवडले नाही, तर तसे सांगा. आम्ही रागावत नाही. मात्र सांगण्याआधी शेवटपर्यंत ऐका, एवढीच माझी विनवणी आहे.