चौथीच्या कपाटातून मला हलवले तेव्हा

मी एक जुनी लाकडी चकती आहे. दरवाजाच्या उरलेल्या फळीतून शाळेच्या सुताराने मला गोल कापले, मग त्या गोलाचे आठ सारखे तुकडे करून घासूनपुसून गुळगुळीत केले. चार तुकडे जुळवले की मी अर्धी, दोन जुळवले की पाव, सहा जुळवले की पाऊण. मित्रांनो, माझी सारी विद्या एवढीच. तेवढ्यावर मी चौथीच्या वर्गात कित्येक वर्षे काढली. मुलांच्या घामट अंगठ्यांनी माझा रंग उडाला. एक तुकडा कुणीतरी दाताने कुरतडला, त्याचाही मला अभिमान वाटे. ज्याला अपूर्णांक समजत नसत, तो मला हातात घेई आणि थोड्या वेळाने म्हणे, "हात्तिच्या, एवढंच होय?"

मग अभ्यासक्रम बदलला. अपूर्णांकांची ओळख चौथीतून तिसरीत गेली. मुलांना ती लवकरही समजते, असे वरून कळवले होते, आणि ते खोटे नव्हते. सगळ्या इयत्तांची नवी पुस्तके एकाच वर्षी आली. शिपाईमामांनी मला उचलून भिंतीपलीकडे तिसरीच्या कपाटात ठेवले. तिथली पोरे माझ्यावर तुटून पडली.

पण मला चैन पडेना. गेल्या वर्षी तिसरीत असलेली मुले आता चौथीत होती. गेल्या वर्षी मी तिसरीत नव्हते आणि यंदा चौथीत नाही. मग त्यांची माझी गाठ पडणार कधी?

चौथीच्या बाई शाळेत नव्या होत्या. भिंतीतून त्यांचा आवाज येई. "पाव अधिक अर्धा किती? हे तुमचं मागेच झालंय."

एकदा शिंप्याच्या मुलीने फळ्यावर एकखाली चार आणि एकखाली दोन यांची बेरीज दोनखाली सहा अशी लिहिली.

"वरचे वर मिळवलेस, खालचे खाली. छान," बाई उपरोधाने म्हणाल्या. कुणी हसले नाही, कारण बाकीच्यांनीही वहीत तेच लिहिले होते.

चाचणी जवळ आली. गणितात जे मागे पडतील त्यांना पुन्हा तिसरीत बसवू, असे मुख्याध्यापकांनी बजावले. शिंप्याच्या मुलीचा धाकटा भाऊ तिसरीतच होता. मधल्या सुट्टीत ती त्याला डबा द्यायला आली, तेव्हा तो माझे तुकडे जुळवत बसला होता.

"ताई, माझ्या बाकावर तुझी जागा धरून ठेवू का?"

"गप जेव." तिने डबा त्याच्यापुढे सरकवला. "हे काय आहे रे?"

"अपूर्णांक. हा अर्धा, हा पाव, मिळून पाऊण. तुम्हाला नाही शिकवलं?"

"नाही."

"थापा नको मारू. गुरुजींनी तुम्हालाही शिकवलंच असणार."

चौथीच्या बाई खडू मागायला दारात आल्या होत्या. त्यांनी तिसरीच्या गुरुजींकडे पाहिले. "या मुलांचं हे तुमच्याकडे झालंय ना, गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी ते चौथीत होतं, बाई."

"आणि यंदा तिसरीत."

गुरुजींच्या हातातले पेन थांबले. बाई खडू विसरल्या. त्यांनी माझे आठही तुकडे ओंजळीत घेतले आणि त्या मुलीला म्हणाल्या, "चल."

चौथीच्या बाकावर त्या मुलीने चार तुकडे मांडले, त्यांना दोन जोडले आणि सहाही तुकड्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "बाई, मला तिसरीत बसवणार का?"

"चाचणी पुढे ढकला म्हणून मुख्याध्यापकांना सांगते. ऐकतील की नाही, माहीत नाही."

ऐकले नाही. ही कालची गोष्ट; आज चाचणी आहे. मी पुन्हा तिसरीच्या कपाटात आहे आणि भिंतीपलीकडे सामसूम आहे. एका मधल्या सुट्टीत किती जणांचे हात माझ्यापर्यंत पोचले असतील, याचाच मला घोर लागला आहे.

मित्रांनो, पुस्तके बदलतात, बदलायलाच हवीत. पण एखादी गोष्ट तुमच्या साऱ्या वर्गालाच येत नसेल, तर मान खाली घालून बसू नका. हात वर करा आणि सांगा, "हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही." मला हात नाहीत. नाहीतर मी केव्हाच वर केला असता.