मावशींच्या अंगठ्यातली मी

मी एक बंद करून टाकलेली मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम बोलतेय. अहो, दचकू नका! फोन हे नुसतं शरीर, त्यात जीव ओतते ती मी. कंपनीने माझ्यावर काट मारली त्याला बारा वर्षं झाली. तरी एका जुन्या फोनात, शिलाई मशीनशेजारी, मी अजून तग धरून आहे.

मला घडवणारे आठ इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत पत्ते कुटत बसायचे. त्यांतली एक बाई डाव हरली की शेवटचा पत्ता अंगठ्याने वर उडवून द्यायची. त्यातूनच माझी खोड जन्मली. माझ्यात उघडलेलं प्रत्येक काम म्हणजे एक पत्ता. काम झालं की वर सरकवा, पत्ता भुर्रकन गायब! काय तोरा होता माझा तेव्हा. मग कंपनीला टाळं लागलं. ती बाई टेबल पुसून दुसऱ्या फोन-कंपनीत नोकरीला गेली. मी तिला खूप बोल लावले, खोटं कशाला सांगू?

माझ्या मालकीणबाई म्हणजे कपडे शिवणाऱ्या मावशी. त्यांची नजर अधू होत चालली, तशी त्यांनी गिऱ्हाइकांची मापं माझ्यात बोलून ठेवली. "उंच बाई, छाती छत्तीस, डावा खांदा उतरता." दोरा ओवताना अंगठा ओला करायचा आणि त्याच अंगठ्याने मला सरकवायचं, ही त्यांची जुनी सवय. ओल्या बोटामुळे पत्ता अडला की वर मलाच म्हणायच्या, "हट्टी कुठली!"

आता माझी बॅटरी फुगलीय. आज लेकीने नवा फोन आणला, सगळी मापं त्यात भरून.

"नको गं बाई," मावशींनी तो दूर सारला. "मला यातलं धड दिसत नाही. मापं सापडली नाहीत तर माझं शिवणच सुटलं म्हणून समज."

"आई, एकदा हातात तर घे!"

माझा जीव टांगणीला लागला. शिवणाशिवाय मावशी? छे, कल्पनाच करवेना.

मावशींनी फोन घेतला. समोर कसलीशी जाहिरात आली. वैतागून त्यांनी सवयीने अंगठा वर सरकवला. पत्ता लहान झाला आणि भुर्रकन उडाला!

मी बघतच राहिले. तीच चाल, तोच झोका! मावशींनी बाजूला सरकवलं, पुढचा पत्ता आला, आणि त्यांचाच आवाज घुमला, "उंच बाई, छाती छत्तीस..."

म्हणजे टेबल पुसून गेलेली ती बाई रिकाम्या हाताने गेली नव्हती तर! माझी खोड तिने सोबत नेली होती. केवढी ही दुनिया, आणि कुणाकुणाच्या बोटांत मी नांदतेय, मलाच पत्ता नाही.

लेक थक्क झाली. "आई, हे तू कधी शिकलीस?"

"त्यात शिकायचं काय?" मावशी दोरा ओवत म्हणाल्या. "इतकी वर्षं असंच तर सरकवतेय."

मावशी, आता मला खुशाल बंद करा. फक्त तेवढा ओला अंगठा पुसून घ्या, नाहीतर तिकडेही मी अडेन.