पहाटेचा न गेलेला निरोप

मी एक जुना सर्व्हर बोलतोय. माझी स्मरणशक्ती किती, ते माझ्या पेटीवर छापलेलं आहे. तरी हे सगळं मला नीट आठवतंय का, याची खात्री नाही. हे घडलं तो मंगळवार होता की बुधवार, इथेच मी अडतो.

डायलिसिस केंद्राच्या स्वागतकक्षात, टेबलाखाली माझी जागा. केंद्र वहिनी चालवत. माझी देखभाल त्यांच्या धाकट्या दिरांकडे; मीही त्यांना भावोजीच म्हणतो. त्यांनी तरुणपणी पीएचपी या संगणकभाषेत रुग्णांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम लिहिला होता. ज्याची पाळी, त्याच्या फोनवर मी पहाटे निरोप धाडायचो. निरोप आला नाही, तर पाळी पुढे गेली असं समजून माणसं घरीच थांबत.

पुढे केंद्राचं नवं संकेतस्थळ आलं. त्याला पीएचपीची नवी आवृत्ती हवी, आणि जुना प्रोग्राम तिच्यावर चालेना. भावोजींनी दोन्ही आवृत्त्या माझ्यातच शेजारी शेजारी बसवल्या. पडद्यावर उघडणारी जुनी पानं जुनीकडे, नवी नवीकडे.

"पटेल ना दोघींचं?" वहिनींनी विचारलं.

"जावा आहेत, वहिनी. चुली वेगळ्या करून दिल्यात."

भावोजींनी एकूण एक पान उघडून पाहिलं. पण पहाटेचे निरोप पानांवरून जातच नसत. ते काम मी आपोआप करायचो, आणि त्यासाठी मला दिलेल्या हुकमात नुसतं पीएचपी लिहिलं होतं, कुठली ते नाही. त्या पहाटे मी हाक मारली आणि ओ दिली नवीने. जुनं लिखाण तिला उमगेना. एकही निरोप गेला नाही.

सकाळी खुर्च्या रिकाम्या पाहून वहिनींनी पाळ्यांची यादी काढली. त्यांनी एकेकाला फोन लावले. सगळे आले, एक बसचालक सोडून. त्याचा फोन बंद, आणि आधीची पाळीही हुकलेली. रक्त वेळेवर शुद्ध झालं नाही की अंगात पाणी साठतं, श्वास कोंडतो.

"पानं सगळी तपासली होती मी," भावोजी माझ्यापुढे फरशीवर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"पानं राहू द्या, भावोजी. गाडी काढा. त्याचं घर मला माहीत आहे."

दोघांनी त्याला धरूनच आणलं. ओठ निळे पडलेले, तरी धापा टाकत तो म्हणाला, "निरोप नाही, म्हटलं आज सुट्टी."

"सुट्टी मी देईन तेव्हा," म्हणत वहिनींनी त्याला यंत्रावर घेतलं. तो वाचला. भावोजींनी त्या हुकमात जुन्या आवृत्तीचं पूर्ण नाव घातलं, आणि जावा सुखाने नांदल्या.

काही महिन्यांनी त्या बसचालकाचं नाव पाळ्यांतून गेलं. का, ते मला कोण सांगणार? नको तेच मनात येत राहिलं.

आता मी थकलोय, लवकरच मला इथून हलवतील. जुन्याशेजारी नवं नांदवणाऱ्यांनो, कुणी न बघता चालणारी कामंही एकदा बघून घ्या, एवढंच मागणं.

त्या बसचालकाचं काय झालं, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तो वहिनींना भेटायला आला, बहिणीला घेऊन. तिने दिलेलं मूत्रपिंड उत्तम चालत होतं. त्याला पाळीची गरजच उरली नव्हती.