नाकाड्या ट्रकचं उसनं स्टिअरिंग

“सांगितलं तर कुणाचा इस्वास बसणार न्हाई, म्हणून मी सांगतच न्हाई,” असं म्हणत ग्यानोबानं मलप्पाच्या हॉटेलात बाकावर मांडी घातली आणि सांगायला सुरुवात केली.

नांदेडात धम्मानंद गुरुजींचा नाकाड्या ट्रक कुणाला ठाऊक नाही? लांब नाकाचा, गुरुजींच्या वडलांनी घेतलेला, साठीचा म्हातारा. भीमजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं तोच, आणि तीस वर्षं त्याच्या स्टिअरिंगवर ग्यानोबाच. दुसऱ्या कुणाच्यानं ते फिरतच नसे. आधी पाव चक्कर मोकळंच जायचं, मग दगडासारखं जड व्हायचं. ग्यानोबा त्यात टायरचं रबर ठोकून ठोकून दिवस ढकलायचा. खरं विचाराल तर ते जड होतं, म्हणूनच त्याला प्यारं होतं.

यंदा गुरुजींनी ट्रक पाठवला लातूरला, निवृत्ती मिस्त्रीकडं. निवृत्तीनं भंगारातल्या एका बसचं स्टिअरिंग दांड्यासकट काढलं, वीतभर कापलं, नवा जोड देऊन ट्रकात बसवलं. लोक म्हणू लागले, आता एका बोटानं वळतो. एका बोटानं! ग्यानोबाला भाकर गोड लागेना.

सोमवारी ट्रक परत यायचा होता. त्या दिवशी “किनवटला लग्न हाय” असं घरी सांगून हा पठ्ठ्या लातूरच्या एसटीत बसला. निवृत्ती जेवायला गेलेला बघून गुपचूप ट्रकखाली सरकला. मोबाइलच्या उजेडात जोड न्याहाळला, नखानं खरवडला, पान्यानं वाजवून पाहिला. वेल्डिंगची शिवण एकसारखी, हातानं शिवलेल्या गोधडीसारखी. एवढीशी खोट सापडली असती, तर त्यानं निवृत्तीला मनापासून आशीर्वाद दिला असता. सापडली नाही. परतीच्या एसटीत बसला, तर वाटेत ट्रक शेजारून सुळकन पुढं गेला. ते त्याला बघवेना. चालवतंय कोण हेसुद्धा न बघता त्यानं तोंडासमोर पेपर धरला.

आता जयंती चार दिवसांवर आली होती. यंदा ट्रकच्या स्टिअरिंगवर कोण बसणार, ते संध्याकाळच्या बैठकीत ठरायचं होतं, आणि जयंती समितीचे तिघं मलप्पाच्या हॉटेलात समोरच्याच बाकावर चहा पीत होते.

“त्या बसनं वीस वर्षं माहूरचे भाविक वाहिले,” ग्यानोबा त्यांना सांगून राहिला होता. “स्टिअरिंगला सवय पडलेली! निवृत्ती चालवून राहिला, मी शेजारी. अहमदपूर आलं की ट्रक सरळ स्टँडात! फलाटाला नाक लावून हुबा. निवृत्ती वढतोय डावीकडं, ते जातंय उजवीकडं.”

“मग?” चहा गाळता गाळता मलप्पानं विचारलं.

“मग काय, माणसं चढली की! एक म्हातारी ओटीचा नारळ घेऊन मलाच अर्धं तिकीट मागायली. लोह्यात पुन्हा तेच. निवृत्ती रडकुंडीला आला. म्हणला, ‘मामा, आता तुमीच धरा.’ मी धरलं, मनगटाचा पीळ दावला, तवा कुठं गाडीनं नांदेडचा रस्ता धरला. अन्‌ त्या लातूरवाल्याला जयंतीला बसवता? सगळी मिरवणूक माहूरच्या गडावर जाईल, सांगून ठेवतो! जुनं स्टिअरिंग हाय अजून गुरुजींच्या अंगणात. तेच बसवा, मी हायच.”

बाक हसला. पण तिघांतल्या दोघांनी हसता हसता मान हलवली, आणि ग्यानोबाचा जीव त्या दोन मानांवरच होता.

तेवढ्यात गल्ल्यापाशी भज्यांच्या पुडीसाठी थांबलेली गुरुजींची लेक बुद्धप्रिया पुढं आली.

“जय भीम, मामा. लातूरहून ट्रक आला, तेव्हा तुम्ही आत होता?”

“हाव तर! निवृत्ती गिअर टाकायचा, तो माझ्या गुडघ्याला लागायचा. अजून दुखून राहिला बघ.”

“निवृत्तीभाऊ लातुरातच राहिले, मामा. ट्रक मी चालवत आणला. एकटीनं.”

मलप्पाच्या हातातली गाळणी तशीच थांबली. हलणाऱ्या माना थांबल्या.

“अन्‌ तुम्ही लोह्याच्या स्टँडाबाहेर एसटीच्या खिडकीत होता. मी हॉर्न वाजवला, हातसुद्धा केला. कशाला लई खोटं बोलून राहिलात? पेपर उलटा धरला होता तुम्ही.”