सतराव्या ओळीचं पाणी

गझाला दारव्ह्याची, कापसावर संशोधन करणारी. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर नंदाबाईच्या शेताचा एक तुकडा तिनं प्रयोगासाठी घेतला होता. देशी कापसाचे चोवीस वाण चोवीस ओळींत लावले आणि पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकचं छप्पर घातलं. झाडं फुलावर आली की चाळीस दिवस पाणी तोडायचं आणि कोण तहान सोसतं ते पाहायचं. सोसण्याचा गुण जनुकांतून, म्हणजे झाडाच्या रक्तातूनच पुढच्या पिढीत उतरतो. तो सापडला तर नव्या वाणात आणता येईल, असं तिनं समजावलं होतं. राखणीला नंदाबाईच होती.

सतरावी ओळ नंदाबाईच्या स्वतःच्या सरकीची. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, लग्नात गाठोड्यात बांधून दिलेली. दरवर्षी बांधावर चार झाडं लावून तिनं ती जपली होती.

बाविसाव्या दिवशी भर दुपारी सगळ्याच ओळींनी माना टाकल्या. नंदाबाईला दिसली ती एकच.

"मले पाहवत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"मंग पाहू नको," फकिरा म्हणाला.

तिनं बादली उचलली. त्या दिवशी, आणि पुढचे चार दिवस.

चाळिसाव्या दिवशी गझाला आली, सतराव्या ओळीपुढं उकिडवी बसली, पानं उलटसुलट करून पाहिली आणि उठून नंदाबाईच्या गळ्यातच पडली. "मावशी, तुमच्या याडीनं सोनं बांधून देल्लं होतं!" पानं बर्फाच्या डब्यात भरून प्रयोगशाळेत गेली. नंदाबाईचा फोटोही निघाला. फोटोत ती हसली नाही.

पुढं गझालाचा फोन आला, "तुमच्या ओळीचा दोन वाणांशी संकर करून राह्यली मी." त्या रात्री नंदाबाई ताट सारून उठली. फकिरा म्हणाला, "कोणाले समजते? चूप राह्य."

ती चूप राहिलीही असती. पण शेजारची रुपीबाई पदर पसरून दारात आली. "मले ओंजळभर सरकी दे व. माह्या कोरड्या तुकड्यात तेच लावतो यंदा." नंदाबाई "संपली" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महागावपर्यंत जीपनं, तिथून एसटीनं दारव्हा गाठलं.

गझालाची आई हुस्नाबी चहा ठेवून आत गेली. नंदाबाईनं कपाला हात लावला नाही.

"सतराव्या ओळीले म्या पाणी टाकलं, बाई. पाच दिवस."

गझालानं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "काहून?"

"माह्या याडीची होती ते."

"आजूबाजूच्या ओळींतही ओल गेली असन. अख्खं वर्ष गेलं, मावशी." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "अन् ते झाड आपल्या दमावर उभं राह्यलं असतं का, हे बी आता सांगता येत नाही. पाणी वरच भेटलं त मुळं खोल कायले जातीन?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीस वर्षं जपलेल्या सरकीवर आपलाच भरवसा नव्हता, हे नंदाबाईला तिथं, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

प्रयोगशाळेमागची, आता फुकट गेलेली संकराची रोपं उपटायला ती स्वतः गेली. गझाला "राहू द्या" म्हणाली, तरी गेली.

पुढच्या वर्षी त्याच तुकड्यावर पुन्हा चोवीस ओळी लागल्या. राखणीला दुसरं कोणी बघ म्हणून नंदाबाईनं हात जोडले. गझाला म्हणाली, "तुमीच राहा."

चाळीस दिवस ती रोज दुपारी शेतात गेली. पानं लोंबली, कडा करपल्या, कळ्या गळून मातीत पडल्या. तिनं तोंड फिरवलं नाही, हातही लावला नाही.

तहान सोसण्यात चोवीसांत सतरावी ओळ नववी आली.

"नववी वाईट नाही, मावशी," गझाला वहीत लिहिता लिहिता म्हणाली. नंदाबाईनं मान हलवली. नववीचं तिला काहीच वाटलं नाही. गेल्या वर्षाचं मात्र वाटत होतं, आणि ते ओझं काही केल्या उतरत नव्हतं.